कडकोळला मी एका नाकाची आरती केली

म्हैसूरला जाऊन आलो म्हटलं की आमच्या इचलकरंजीत लोक तीन प्रश्न विचारतात. राजवाडा पाहिला का, वृंदावन बाग पाहिली का आणि म्हैसूरपाक आणला का. पहिल्या दोन्हींचं माझं उत्तर 'बाहेरून' असं आहे. तिसऱ्याचं उत्तर परतीच्या गाडीत हुबळीच्या आधीच संपलं. मग ऐन दसऱ्यात आठवडाभर तिथं राहून केलंत काय, असं लोक तोंडावर विचारत नाहीत, पण चेहऱ्यावर वाचता येतं. बायको तोंडावरच विचारते. घरी घट बसलेले असल्यामुळे ती बरोबर नव्हती, त्यामुळे मला काहीही ठोकून द्यायची सोय आहे. पण खरं तेच लिहितो. म्हैसूरला जाऊन मी एक यंत्र बिघडवलं आणि एका सज्जन माणसाचं गुपित पोटात ठेवायचा प्रयत्न केला. त्यातलं यंत्र बिघडवणं सोपं गेलं.

पंचमी, बोगादी

माझी मुलगी मुग्धा आणि जावई समीर बारा वर्षांपासून म्हैसूरला आहेत. घर बोगादीत. समीर बेळगोळच्या एका कारखान्यात आहे आणि मुग्धा एका छोट्या कंपनीत यंत्रांना अक्कल शिकवायचं काम करते. हे मी माझ्या शब्दांत सांगतोय. तिनं दोनदा नीट समजावलं होतं.

पहिल्याच सकाळी समीरनं मला डोसा खायला नेलं. डोसा उत्तम. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि वर लोण्याचा गोळा असा निवांत बसलेला की हात लावायला संकोच वाटावा. सांबार मात्र गोड. मी वेटरला विचारलं, यात गूळ घातलाय का? तो अभिमानानं 'हो' म्हणाला. आमच्याकडे आमटीत गूळ जास्त झाला तर सून ऐकून घेते, इकडे तो बोर्डावर लिहायचा तेवढा बाकी आहे. तिसऱ्या दिवसापासून मला तेच सांबार आवडायला लागलं, ही गोष्ट कृपया कोल्हापूर जिल्ह्यात पसरवू नये.

दुपारी जेवताना समीरचा फोन गुरगुरला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "एका मोटरचं बेअरिंग तापायला लागलंय."

"कोणी कळवलं?"

"मोटरनंच."

मी सूतगिरणीत मेंटेनन्सला बत्तीस वर्षं काढली. बेअरिंगची तब्येत बघायची म्हणजे लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. घरघर आहे का खरखर आहे ते ऐकायचं आणि आठ दिवस चालेल का आजच बसेल ते सांगायचं. माझं सांगणं सहसा चुकत नसे. साहेब लोक शहाणे असून माझ्या कानासाठी खाली यायचे. मी समीरला विचारलं, आता तुमच्याकडे हे ऐकतो कोण?

"कोणीच नाही, बाबा. बेअरिंगवर एक डबी चिकटवलेली असते. तीच सांगते."

मी भात कालवत राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माणूस निवृत्त होतो ते ठीक, पण त्याच्या मागून त्याचा कानही निवृत्त व्हावा, हे जरा जास्त झालं.

सप्तमी, कडकोळ

मी घरात बसून उगाच पंख्यांची बेअरिंगं ऐकतोय हे पाहून मुग्धानं मला तिच्या कामाच्या ठिकाणी नेलं. नंजनगूडच्या रस्त्याला कडकोळ म्हणून कारखान्यांची वसाहत आहे. तिथल्या एका उदबत्तीच्या कारखान्यात तिचं यंत्र वर्षभर शिकत होतं. फाटकाच्या अर्धा किलोमीटर आधीच चंदन, मोगरा आणि मसाला एकदम नाकात येतात, आणि आपण कारखान्यात चाललोय का देवळात ते कळेनासं होतं.

यंत्र म्हणजे एक पांढरी पेटी, लहान फ्रिजएवढी. पुढच्या बाजूला अंगठ्याएवढं भोक, त्याला जाळी. त्या भोकापुढे उदबत्ती लावून धरली की पेटी आत हवा ओढते, वास घेते आणि पडद्यावर दाखवते: उत्तम, मध्यम किंवा बाद. सगळे त्याला 'मूगु' म्हणत. कन्नडमध्ये मूगु म्हणजे नाक.

आणि त्याच खोलीत, खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीवर या कारखान्याचं खरं नाक बसलेलं होतं. नागोजीराव शिंदे. वय बासष्ट, पांढऱ्या मिशा, कपाळावर गंधाची उभी रेघ. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. घोडी गेली, तलवारी गेल्या, घरात मराठी मात्र राहिली, जमेल तेवढी.

"बन्नि, बन्नि, या. मुग्धम्माचे अप्पा काय तुमी? बसा की. कॉफी झाली काय?"

"झाली."

"अय्यो, ती घरची. हितली घ्या स्वल्प."

चाळीस वर्षं कारखान्यातला प्रत्येक घाणा, म्हणजे एका वेळी केलेला माल, बाजारात जायच्या आधी त्यांच्यासमोर येत होता. आधी त्यांचे वडील याच खुर्चीवर बसत. मी तासभर पाहत बसलो. काडी पेटवायची, फुंकर मारायची, ओंजळीनं धूर तोंडाकडे ओढायचा, डोळे मिटायचे. मग डोळे उघडून काडीकडे बराच वेळ पाहायचं आणि म्हणायचं, "सरी," "मध्यम" किंवा "नक्को." 'नक्को' म्हटलं की कितीही मोठा घाणा असो, परत जायचा. त्यांनी 'नक्को' म्हटलेलं पुन्हा तपासलं तर दर वेळी तेलात नाहीतर मसाल्यात खोट निघायचीच. मुग्धानं आपलं यंत्र त्यांच्याच निकालांवर शिकवलं होतं. वर्षभर ते शिष्यासारखं शेजारी बसलं आणि आता बहुतेक वेळा गुरूसारखंच बोलायला लागलं होतं.

परतताना गाडीत मुग्धा म्हणाली, "एकादशीला परीक्षा आहे, बाबा. मालक पाच जुड्या देणार. यंत्राचे पाचही बरोबर आले तर ते कायमचं बसवणार."

"आणि नागोजीराव?"

ती गिअर बदलण्यात फारच मग्न झाली. मग म्हणाली, "मला यंत्र पास व्हायला हवंय. आणि काकांची खुर्चीही तिथंच राहायला हवीय. दोन्ही होणार नाही, ते मला कळतं."

अष्टमी, लष्कर मोहल्ला

नवरात्रात म्हैसूरकडे घरोघरी बाहुल्या मांडतात. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, वर लाल चंदनाचे राजा-राणी, खाली देव, वाणी, क्रिकेटची टीम, जे असेल ते. आपल्याकडे किल्ल्यावर मावळे मांडतात त्यातलाच प्रकार, पण इथं मोठ्या बायका मांडतात आणि मुलांना हात लावू देत नाहीत. नागोजीरावांनी मला संध्याकाळी बाहुल्या बघायला बोलावलं होतं. त्यांच्या बायको लक्ष्मीबाई शेजारी कुंकवाला गेलेल्या.

"बसा, बसा. आधी दिवा लावतंय. मग बघा कसं दिसतंय," असं म्हणत त्यांनी काड्यापेटी काढली.

मी उंबऱ्यातच थांबलो. घरभर गॅसचा वास भरला होता. थोडाथोडका नाही, स्वयंपाकघरातलं बटण चांगलं अर्धा तास उघडं असावं. आणि सबंध कडकोळ ज्यांच्या नाकाची शपथ घेतं ते नागोजीराव शांतपणे काडी ओढायच्या बेतात होते.

मी ओरडलो आणि झेप घेतली. माझ्या वयाला झेप म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. काड्यापेटी उडाली, माझा कोपर मांडणीला लागला, तीन पायऱ्या एकदम खाली आल्या आणि राजेसाहेब थेट पुढे ठेवलेल्या नैवेद्याच्या हरभऱ्याच्या उसळीत जाऊन पडले. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडलं, पंख्याच्या बटणाकडे जाणारा त्यांचा हात धरला आणि त्यांना ओढत अंगणात आणलं. आम्ही दोघं पायरीवर बसलो.

"गॅस होता काय?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"तुम्हाला वास आला नाही?"

त्यांनी अंगणातल्या तुळशीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "नाक गेलं माझं, वसंतराव. चार वर्सं झाली. ताप आला होता मोठा, त्यात गेलं. वाटलं, येईल परत. येऊच नाही."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. शेवटी विचारलं, मग रोज तिथं बसून काय करता?

"राख सांगतंय की. चांगली काडी असली तर राख पांढरी पडतंय, लांब, वाकून राहतंय. तेलात लबाडी असली तर धूर आधी काळा येतंय. बोटाला मसाला कसा लागतंय, तेबी. चाळीस वर्सं नाकानं बघितलं ना, डोळ्यानंबी बघत होतो, मला गोत्तिल्ल होतं. नाक गेल्यावर कळलं." मग त्यांनी माझा हात धरला. "हेळबेडि हां. कोणाला सांगू नका. मुग्धम्माला तर नक्कोच. यंत्र आलं म्हणून खुर्ची गेली, जाऊ दे, काळ हाय. पण नाक नसताना चार वर्सं बसला म्हणून गेली तर माझ्या अप्पांचं नावबी जातंय."

मी वचन दिलं. गुपित ठेवण्याच्या बाबतीत मी अख्ख्या गल्लीत बदनाम आहे, पण हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती. तेवढ्यात लक्ष्मीबाई आल्या. आधी गॅसचं कळल्यावर त्यांनी देवाचे आभार मानले आणि मग उसळीतला राजा पाहून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे गॅस बरा होता.

नवमी, पुन्हा कडकोळ

आयुधपूजेच्या दिवशी म्हैसूरमध्ये यंत्र नावाची वस्तू पूजेवाचून राहत नाही. बस, रिक्षा, लेथ, संगणक, फोटोकॉपीचं दुकान, सगळ्यांना हार, केळीचे खुंट आणि भस्माचे पट्टे. आमच्याकडे खंडेनवमीला मागांची पूजा होते, पण नारळावर भागतं. इथं कोहळा. त्याला भोक पाडून आत कुंकू भरतात, ओवाळतात आणि फाटकापुढे रस्त्यावर दाणकन आपटतात. लालभडक लगदा उडतो, आणि मागून येणारे दुचाकीवाले देवाचं नाव घेत घसरतात.

सकाळी मुग्धानं कामगारांना यंत्राविषयी काहीतरी बजावून सांगितलं. मी तेव्हा कोहळ्यापाशी होतो. मग ती मालकांबरोबर खाली ट्रकच्या पूजेला गेली आणि वर पूजेचं ताट फिरायला लागलं. बायकांच्या मुकादम जयम्मा ताट घेऊन मूगुपाशी आल्या. त्यांनी पेटीच्या डोक्यावर कुंकवाचं एक बोट लावलं, गोंड्याचं एक फूल ठेवलं आणि त्या पुढे निघाल्या.

मला ते खटकलं. पाहुणा आणि वयानं मोठा म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, यंत्राकडे बोट दाखवून बरंच काही सांगितलं. मला कन्नडमधलं 'बन्नि' आणि 'सरी' एवढंच येत होतं, आणि त्यांच्या बोलण्यात दोन्ही नव्हते. मी मनात म्हटलं, बाई संकोची आहेत. ताट घेतलं.

आता आमच्या गावाकडचं शास्त्र असं की, यंत्र ज्या अवयवानं काम करतं त्या अवयवाची पूजा. मागाची पूजा धोट्यापाशी, कातरीची पात्यापाशी. मग नाकाची पूजा कुठं करायची? मी ताट त्या भोकासमोर नेलं. कापूर पेटवला. पाच वेळा ओवाळलं. मग ताटातल्या धुपाटण्याच्या निखाऱ्यावर मूठभर धूप टाकला, चांगला दर्जाचा होता, कारखान्याचाच. पेटी चालूच होती, तिला बंद ठेवायचं नसतं म्हणे. तिनं तो सगळा धूर एका दमात आत ओढला. एवढ्या श्रद्धेनं कुणी प्रसाद घेतलेला मी पाहिला नव्हता. पडद्यावर आलं: उत्तम. मी हात जोडले, मला बघून चार जणींनी जोडले, आणि जयम्मांनी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, तीही इथली रीत असेल.

दशमी

जंबूसवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, बघायला आम्ही तीन तास आधी गेलो. माझ्यापुढे एक उंच माणूस उभा होता, त्याच्यापुढे दुसरा. हत्ती आला तेव्हा गर्दीतल्या हजारो हातांत हजारो फोन वर गेले आणि सोन्याची अंबारी मी पुढच्या माणसाच्या फोनवर, तिरकी, पाहिली. घरी आल्यावर मुग्धाला शमीची पानं दिली. इकडे आपट्याऐवजी तीच देतात. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन दिवस इतके गप्प कसे? बरं वाटत नाही का?"

"सांबार बाधलं," मी म्हणालो. समीरनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, कारण माझी तिसरी वाटी चालू होती.

खरं म्हणजे मन जेवणात नव्हतं. उद्या यंत्र जिंकलं तर नागोजीराव जाणार होते. हरलं तर मुग्धाचं वर्ष जाणार होतं. देवापुढे उभा राहिलो, पण नेमकं काय मागावं ते ठरेना.

एकादशी, परीक्षा

कारखान्याच्या मालकांना सगळे शेट्टरू म्हणतात. ठेंगणे, गोरे, बोलणं कन्नडमध्ये. मुग्धा मला हळूच सांगत होती, म्हणून इथं ते मराठीत देतो. टेबलावर पाच जुड्या, नुसते आकडे घातलेल्या. खरी उत्तरं शेट्टरूंच्या खिशात.

पहिली मूगुची पाळी. पहिली जुडी: उत्तम. दुसरी: उत्तम. तिसऱ्या जुडीला मुग्धाच्या कपाळावर आठी पडली. चौथी उत्तम, पाचवी उत्तम. शेट्टरूंनी खिशातला कागद काढून पाहिला आणि शांतपणे आपला कॉफीचा पेला त्या भोकापुढे धरला. उत्तम. मग त्यांनी पायातली चप्पल काढली, पावसाळाभर वापरलेली, आणि ती धरली.

पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत आलं: उत्तम.

जयम्मांनी पदर तोंडात धरला. शेट्टरूंना हसू आवरेना. मुग्धा मात्र पांढरीफटक पडली होती. तिनं पेटीची मागची बाजू उघडली, आत बोट फिरवलं, आणि बोट काळंकुट्ट, तेलकट होऊन बाहेर आलं. तिनं ते हुंगलं. मग सावकाश माझ्याकडे वळली. बाप म्हणून मी आयुष्यात अनेक वेळा ओशाळलोय, पण लेकीनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"मी आरती केली," मी म्हणालो. "नाकापाशी."

"बाबा, एका काडीपेक्षा जास्त धूर जवळ नेऊ नका म्हणून मी सगळ्यांना सांगितलं होतं."

"मी कोहळा बघत होतो गं."

तिनं शेट्टरूंना ते सांगितलं. ते आणखी हसले. म्हणाले, एका आरतीनं ज्याला सर्दी होते ते उदबत्तीच्या कारखान्यात काय कामाचं? आमचे नागोजीराव चाळीस वर्षं या धुरात बसलेत!

मग नागोजीरावांची पाळी. त्यांनी पाचही काड्या ओळीनं लावल्या. ओंजळीनं धूर ओढला, डोळे मिटले, उघडले. मला आता कळत होतं की मिटलेले डोळे आमच्यासाठी आणि उघडे डोळे कामासाठी आहेत. राख लांबत गेली. एक पांढरी, वाकलेली. एक मध्येच तुटली. चौथ्या काडीचा शेवटचा अंश त्यांनी बोटानं चोळून पाहिला.

"एक आणि पाच सरी. दोन आणि तीन मध्यम. चार नक्को."

शेट्टरूंनी कागद टेबलावर आपटला. पाचही बरोबर. त्यांनी नागोजीरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुग्धाला म्हणाले, उद्या गाडी पाठवा आणि हे डबडं घेऊन जा. माझ्या कारखान्याला असलं नाक आहे, मला दुसरं नको.

झालं. नागोजीराव जिंकले होते. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि मीही. मुग्धा खाली मान घालून पेटीच्या तारा गुंडाळत होती. तिचे डोळे भरलेले मला दिसत होते, आणि मी वचनाला बांधलेला. बायको म्हणते तेवढा मी तोंडाळ नाही, हे त्या दोन मिनिटांत सिद्ध झालं, पण बघायला ती नव्हती.

नागोजीराव उठून उभे राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते, मुग्धाच्या हातातल्या तारांकडे बघत होते. शेट्टरूंशी ते कन्नडमध्ये बोलले. दोनच वाक्यं होती. मुग्धाच्या हातातली तार तशीच राहिली. तिनं मला सांगायची गरज नव्हती.

शेट्टरूंचं हसू उतरलं. चार वर्षं? त्यांनी विचारलं. चार वर्षं, नागोजीराव म्हणाले. मग त्यांनी जळत्या काडीकडे बोट दाखवून राख, धूर, बोटाचा मसाला, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, चार वर्षांत एक घाणा चुकला असेल तर सांगा.

"चुकला नाही," शेट्टरू म्हणाले. "पण मला सांगायला हवं होतं. मी लोकांना तुमचं नाक सांगून माल विकला." आणि कॉफी अर्धी टाकून ते खाली निघून गेले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही असाच गेलो असतो.

मुग्धा नागोजीरावांना म्हणाली, "काका, तुम्ही बोलला नसता तर चाललं असतं."

"यंत्राला मीच शिकवलं की," ते म्हणाले. "माझ्यामुळं ते खोटं ठरलं तर कसं? ते बिचारं खरंच वास घेत होतं. वास न घेणारा मी होतो."

द्वादशी, निघताना

दुसऱ्या दिवशी दुपारची माझी गाडी. सकाळी मी मुग्धाबरोबर पुन्हा कडकोळला गेलो. तसं काम काही नव्हतं, पण पाय घरात ठरेना. शेट्टरूंनी जयम्मांच्या तोंडी निरोप पाठवला होता. वासाच्या खोलीत नागोजीरावांनी आता बसायचं नाही. यंत्राचे आतले भाग मुग्धानं बदलावेत, मग पुन्हा परीक्षा घेऊ. आणि राखेवर एक कॅमेरा बसवायचा, राखेत काय काय बघायचं ते नागोजीरावांनी त्याला शिकवायचं. समोर येऊन ते स्वतः काही बोलले नाहीत. रागही होता आणि माणूस सोडवतही नव्हता, असा तो निरोप होता.

वेताची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. नागोजीराव पलीकडच्या खोलीत साध्या स्टुलावर बसले होते, समोर टेबलावर मुग्धाचा छोटा कॅमेरा. मला वाटलं होतं, खचलेले असतील. तसे दिसले नाहीत. दाढी केलेली होती, गंध नीट होतं.

"बसा, वसंतराव. तुमची गाडी किती वाजता?"

"वेळ आहे."

त्यांनी जुडीतून एक काडी काढली, पेटवली, फुंकर मारली. धूर सरळ वर गेला. या वेळी त्यांनी तो तोंडाकडे ओढला नाही. डोळेही मिटले नाहीत. काडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "कसा वास येतोय, सांगा की."

मी म्हणालो, "छान आहे. देवघरासारखा."

"अय्यो, तसं सगळेच सांगतंय. नीट सांगा." त्यांचा आवाज जरा खाली गेला. "हे मसाल्याचं मिश्रण मी बांधलं, नाक गेल्यावर. अंदाजानं. चार वर्सं लोक घरोघर लावतंय. मला ठाऊक नाही ते कसं हाय. कोणाला विचारणार होतो? मला कोण सांगणार, मीच नाक."

मी आयुष्यभर सगळ्या विषयांवर भरभरून बोललोय. सांबारावर बोललो, बेअरिंगवर बोललो. वासावर मात्र कधी बोललो नव्हतो. मी डोळे मिटले आणि खरोखर हुंगलं. बहुधा पहिल्यांदाच.

"आधी लाकूड आहे," मी म्हणालो. "कोरडं नाही. नुकतं कापलेलं, रंधा मारताना वास येतो तसं."

"हां," ते पुढे सरकले. "मग?"

"मग थोडा कापूर. नाही, थांबा, कापूर नाही. वेलदोडा. मग एकदम काहीच नाही. आणि मग मागून, उशिरा, मोगरा. पण फुलाचा नाही. फूल काढल्यावर केसांत राहतो तसा."

नागोजीरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबले होते. मिशा हलत होत्या. "तेच," ते म्हणाले. "तेच करायचं होतं. आणखी?"

मुग्धा दारात येऊन म्हणाली की निघायला हवं, गाडी चुकेल. मी हातानंच तिला थांब म्हटलं आणि सांगत राहिलो. काडी संपली, तशी त्यांनी दुसरी लावली.